दिवसभर प्रसन्न

१० जानेवारी

प्रिय ताई,

फोनवर आपण चौथ्या वाक्याला भांडायला लागतो, म्हणून ईमेल लिहितोय. इथे निदान तुला मला मधेच तोडता येणार नाही.

विषय आईच्या घराचा. घरमालकांचा पुन्हा निरोप आलाय: खोल्या ठेवताय की सोडताय ते महिनाअखेर सांगा, त्यांच्या पुतण्याला हव्या आहेत. माझं स्पष्ट मत, सोडाव्यात. पाय मोडला तेव्हा ‘बरा होईपर्यंतच वृद्ध-निवासात राहा’ असं आपण तिला म्हटलं होतं, मान्य आहे. पण तिला तिथे मानवलंय, ताई. ऑफिसात पोचलो की मी कॉम्प्युटरवर आधी तिचं पान उघडतो. कालची नोंद जशीच्या तशी देतो: ‘जेवण व्यवस्थित घेतले. सायंकाळी बागेत फेरफटका मारला. कोणाबद्दल तक्रार नाही. दिवसभर प्रसन्न.’ परवा ती इतर रहिवाशांबरोबर गप्पांत रमली होती. अशा बाईला दोन जिने चढायच्या घरात परत नेऊन कोंबायचं कशासाठी?

ते पान मीच निवासाला फुकट करून दिलंय, तेव्हा मला त्याचा थोडा अभिमान आहे हे समजून घे. सिस्टर रोज संध्याकाळी प्रत्येकाबद्दल दोन ओळी लिहितात आणि ज्याचं त्याचं माणूस कुठेही बसून त्या वाचतं. मी केलं तेव्हा तू नाक मुरडलं होतंस. आता बघ, त्याच पानामुळे आपल्याला निर्णय घेता येतोय.

किल्ली तुझ्याकडे आहे. या आठवड्यात मालकांना देऊन टाक. सामानाचं मी आलो की बघू.

तुझा,
छोट्या

&nbsp;

१२ जानेवारी

छोट्या,

तुझं पत्र दुकानात, दोन गिऱ्हाइकांच्या मधे वाचलं. नंतरच्या माणसाच्या चष्म्याचा नंबर तपासताना मला हसू आवरेना, आणि त्या बिचाऱ्याला वाटलं आपण अक्षरं चुकीची वाचली.

आपली आई, आणि कोणाबद्दल तक्रार नाही? ऑपरेशननंतर भूल पुरती उतरायच्या आत डॉक्टरांना ‘कोटाला इस्त्री बरोबर नाही’ म्हणाली, ती हीच बाई ना? बाबांनी तिच्या हातच्या जेवणाची स्तुती केली तर ‘म्हणजे कालचं वाईट होतं का’ म्हणून दिवसभर अबोला धरायची, ती हीच ना? प्रसन्न हा शब्द तिच्याबद्दल मी जन्मात ऐकलेला नाही. तू ऐकलास, वाचलास आणि लगेच घर सोडायला निघालास.

मी तुझं ते पान बघत नाही. मी दर रविवारी जाते आणि माणूस बघते. ती आहे तशीच आहे, घराची आठवण काढते.

किल्ली माझ्या पर्समध्ये आहे आणि सध्या तिथेच राहील. मालकांनी महिनाअखेर म्हटलंय, उद्या सकाळी म्हटलेलं नाही.

ताई

&nbsp;

१५ जानेवारी

प्रिय ताई,

तू भावनेच्या भरात लिहितेस. मी माहितीवरून लिहितोय.

तू रविवारी जातेस ती तास-दीड तास. तुला बघितलं की आई तक्रार करणारच, तिचा तो हक्क आहे. सिस्टर मात्र तिला आठवडाभर बघतात. आणि मी काही आंधळेपणाने विश्वास ठेवत नाही. सुरुवातीच्या दिवसांत पानावर भरपूर तक्रारी असायच्या. चहा गार, उशी टणक, शेजारच्या खोलीतले मास्तर मोठ्याने रेडिओ लावतात. मग एकदम थांबल्या. एका दिवसात. मी तेव्हाच बायकोला म्हटलं, आई रुळली.

माणसं बदलतात, ताई. तिला तो मोठेपणा घेऊ दे. तू मालकांकडे कधी जातेस ते कळव.

छोट्या

&nbsp;

२० जानेवारी

छोट्या,

मालकांकडे गेले नाही. आधी हे वाच.

आज दुकानात एक बाई चष्म्याची काडी बसवून घ्यायला आल्या. बोलता बोलता कळलं, त्या रेडिओवाल्या मास्तरांच्या कन्या. मास्तर मंगळवारी बाथरूममध्ये घसरले, खुबा गेला, गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात आहेत. हॉस्पिटलातल्या कॉटवर पडलेले असताना त्यांचं पान काय म्हणत होतं, ते त्यांनी मला दाखवलं: ‘सायंकाळी बागेत फेरफटका मारला. दिवसभर प्रसन्न.’ बाई म्हणाल्या, ‘मला आधी वाटलं, हॉस्पिटलातला माणूस कोणी दुसराच आहे.’

मग मी माझा फोन काढला, तू पाठवलेला पत्ता उघडला आणि दोन्ही फोन काउंटरवर शेजारी शेजारी ठेवले. तिकडे त्यांचे बाबा, इकडे आपली आई. फोटो बरोबर, नावं बरोबर. खालची नोंद मात्र दोघांची अक्षर न अक्षर तीच. मागच्या बुधवारी दोघंही गप्पांत रमले. त्याच्या मागच्या बुधवारीही रमले. गुरुवार आला की आख्खं निवास बागेत.

माझ्याकडे अशी गिऱ्हाइकं येतात. समोरचा तक्ता आधीच पाठ करून आलेली असतात आणि डोळ्यांना काही दिसत नसताना घडाघडा वाचून दाखवतात. तुझं पान त्यातलं आहे. आता तू माहितीवरून काय ते सांग.

ताई

&nbsp;

२१ जानेवारी

ताई,

मास्तरांचं वाचून वाईट वाटलं. पण पानाचा दोष असेल असं मला वाटत नाही. सिस्टर कंटाळून कालचंच आज उतरवत असतील. समजावून सांगतो, रागावू नकोस.

पानाच्या मागे टेम्प्लेट असतं. कोरा छापील नमुना समज. एक चौकट फोटोची, एक नावाची, एक नोंदीची. प्रत्येक चौकटीवर मी एक नाव लिहून ठेवतो, त्याला आम्ही व्हेरिएबल म्हणतो. दुसरीकडून प्रोग्रॅम मजकुराचे डबे पाठवतो, त्यांच्यावरही नावं असतात. चौकटीवरचं आणि डब्यावरचं नाव जुळलं की मजकूर जागेवर जाऊन बसतो. जुळलं नाही तर टेम्प्लेट आरडाओरडा करत नाही, जागा रिकामी सोडतं आणि पुढे जातं. आमच्या धंद्यातला हा फार छळवादी दोष. पण तो झाला असता तर नोंदीच्या जागी रिकामं पांढरं दिसलं असतं. आपल्याला मजकूर दिसतोय. म्हणजे नावं जुळतायत.

तरी तुझ्या समाधानासाठी एक परीक्षा घेऊ. निवासाच्या कॉम्प्युटरमध्ये मला आता शिरता येत नाही, तो त्यांचा दुरुस्तीवाला सांभाळतो. तू असं कर, जाऊन सिस्टरना सांग की आज आईच्या नावापुढे काहीतरी अशक्य लिहा. आज हत्तीवर बसल्या, असं काहीही. रात्री पानावर हत्ती दिसला की पान निर्दोष, आणि तू किल्ली देऊन टाकायचीस. कबूल?

छोट्या

&nbsp;

२३ जानेवारी

छोट्या,

कबूल होते म्हणूनच केलं. परवाच मी स्वतः जाऊन सिस्टरना सांगितलं. त्यांनी दोनदा विचारलं, ‘खरंच लिहू?’ सरळ मनाच्या बाई आहेत, त्यांच्या हातून खोटं उतरत नाही. शेवटी लिहिलं: आई हत्तीवर बसून बाजारात जाऊन आल्या.

त्या रात्री पान उघडलं. ‘जेवण रुचीने घेतले. भजन, वाचन यांत वेळ घालवला. दिवसभर प्रसन्न.’

हत्ती तुझ्या टेम्प्लेटने गिळला. एवढं जनावर जिथे नाहीसं होतं, तिथे एका म्हातारीच्या तक्रारी गेल्या तर नवल ते काय? आणि भजन! बाबांच्या मित्रांची भजनी मंडळी जिन्यातून परत पाठवणारी बाई ती!

तुझी,
माहिती नसलेली ताई

&nbsp;

२४ जानेवारी

ताई,

सापडलं. आज रजा टाकली आणि माझ्याकडची जुनी प्रत काढून बसलो. दुरुस्तीवाल्याकडून त्याची हल्लीची प्रत मागवली. दोन्ही समोरासमोर ठेवल्या आणि कपाळावर हात मारला.

मी ते पान आधी फक्त आपल्यासाठी लिहिलं होतं. तेव्हा डब्यांना नाव काय द्यायचं? मी ‘आई’ दिलं. आईचं नाव, आईचा फोटो, आईची नोंद. नंतर निवासाला ते सगळ्यांसाठी हवं झालं. मी म्हटलं, आहे तसंच वापरा, कॉम्प्युटरला काय फरक पडतो? महिनाभर तसं चाललंही. मग दुरुस्तीवाल्याने कोड उघडला. नळ, लिफ्ट आणि कॉम्प्युटर असं सगळं तोच बघतो. मला म्हणाला, ‘साहेब, मास्तरांना आई म्हणणं बरं दिसेना.’ त्याने प्रोग्रॅममध्ये सगळीकडे ‘आई’ खोडून ‘रहिवासी’ केलं. टेम्प्लेटमध्येही केलं. पण नोंदीची चौकट मी वेगळ्या छोट्या फायलीत ठेवली होती आणि मोठं टेम्प्लेट ती आत ओढून घेतं. ती फाइल आहे हे त्याला ठाऊकच नव्हतं, आणि मी सांगितलंही नव्हतं. तिथे अजून ‘आई’च आहे. म्हणून फोटो बरोबर, नाव बरोबर आणि नोंद गायब. डबा ‘रहिवासी’ नावाने येतो, चौकट ‘आई’ची वाट बघत बसते.

आता तू विचारशील, मग जागा रिकामी का दिसली नाही? कारण तिची सोय मीच करून ठेवली होती. आई निवासात गेली त्या पहिल्याच आठवड्यात एका संध्याकाळी सिस्टर लिहायच्या राहिल्या. मी पान उघडलं तर आईच्या फोटोखाली नुसतं पांढरं. मला ते बघवलं नाही, ताई. पान कसं दिसेल ते बघायला व्यवस्थापकबाईंनी नमुन्याची काही वाक्यं दिली होती, आठवड्याच्या दर वाराला एक. मी ती तशीच डकवली आणि लिहिलं: नोंद मिळाली नाही तर यातलं आजच्या वाराचं दाखव. वाचलीसुद्धा नव्हती धड. नंतर विसरून गेलो.

म्हणजे गेले कित्येक महिने निवासात कोणीही जेवलं नाही, झोपलं नाही, पडलं, रडलं, तरी घरच्यांना एकच उत्तर. आणि एकाही घरातून विचारणा झाली नाही. चांगली बातमी कोण तपासून बघतो? मी तर टेम्प्लेटंच दुरुस्त करून पोट भरतो, मीही नाही बघितली.

दुरुस्तीवाल्याला सगळं पाठवलंय. एका शब्दाचा बदल आहे. वारांची वाक्यंही काढून टाकायला सांगितली आहेत. सिस्टरनी लिहिलेलं सगळं आत साठलेलं आहे, बदल झाला की मागच्या नोंदीही दिसतील.

किल्ली अजून देऊ नकोस.

छोट्या

&nbsp;

२७ जानेवारी

ताई,

पान सुरू झालं. आज ऑफिसात काही काम केलं नाही, आईच वाचत बसलो. तू बघितलंस की नाही माहीत नाही, म्हणून थोडं उतरवतो. सिस्टरांची भाषा तशीच ठेवली आहे.

‘चहा गार असल्याची तक्रार. गरम करून दिला. फार गरम असल्याची तक्रार.’

‘बागेत नेले. ही बाग नव्हे, कुंड्यांची रांग आहे, असे म्हणाल्या.’

‘मास्तरांशी वाद. विषय खिडकी. खिडकी उघडी राहिली.’

हे वाचताना मी इतका मोठ्याने हसलो की शेजारचा मुलगा हेडफोन काढून बघायला लागला. मग हे आलं:

‘काठी न घेता जिना चढून उतरून आल्या. कारण विचारता, घरी दोन जिने आहेत, सराव हवा, असे म्हणाल्या.’

त्यानंतर रोज जिना आहे. एक दिवस चुकलेला नाही. मी रोज तिच्या प्रसन्नतेवर खूश होत होतो आणि ती रोज घरी यायची तयारी करत होती. आणि मी तुला काय लिहीत होतो, किल्ली देऊन टाक.

आणखी एक नोंद आहे. ती लिहावी की नाही याचा फार विचार केला. ‘रविवार. आवरून दाराजवळच्या खुर्चीवर बसल्या. मुलगी आली नाही. जेवण खोलीत घेतले.’ ही पुढच्या रविवारीही आहे. त्याच्या पुढच्याही.

आणि एकवीस तारखेची: ‘मुलीने फोनवरून सांगितल्याप्रमाणे लिहीत आहे, आज हत्तीवर बसून बाजारात जाऊन आल्या. प्रत्यक्षात खोलीतच होत्या.’

सिस्टर खरंच सरळ मनाच्या आहेत. ताई, मी तुला काही विचारत नाही. इतक्या लांबून मला तो अधिकारही नाही.

छोट्या

&nbsp;

२८ जानेवारी

छोट्या,

विचारत नाही म्हणून विचारायची तुझी सवय जुनी आहे. सांगते.

निवासातल्या दिवाणावर बसून एका रविवारी तिने मला विचारलं, ‘किल्ली आणलीस?’ किल्ली पर्समध्ये होती, पर्स मांडीवर होती. मी म्हटलं, दुकानात राहिली. तिने पर्सकडे बघितलं आणि विषय बदलला. तिने विषय बदलला, छोट्या! भांडली असती तर मी पुढच्या रविवारी गेले असते. त्यानंतर पाय उचलेना. रविवार आला की दुकानात काहीतरी काम निघायचं, आणि नाही निघालं तर मी काढायचे. तुझं पान बघत नाही म्हणाले, तेही खरं नाही. रोज बघत होते. पहिल्याच ‘प्रसन्न’ला मला कळलं होतं की हे आईचं नव्हे. तरी वाचायचे, आणि वाचलं की झोप लागायची. लाज वाटते, पण आहे ते असं आहे. तू निदान फसला तरी होतास.

काल गेले. निवासाच्या दारात गाड्यांना जागा नव्हती. खऱ्या नोंदी वाचून सगळी घरं एकदम धावली होती. एक गृहस्थ नोंद छापून घेऊन आले होते आणि सासूबाईंना विचारत होते, ‘मला नेमकं कधी लुच्चा म्हणालात?’ एक मुलगी आईच्या पायाशी बसून नुसती रडत होती. व्यवस्थापकबाई मला कोपऱ्यात घेऊन म्हणाल्या, ‘तुमच्या भावाला सांगा, लोकांची फार मागणी आहे, पूर्वीचं पानच छान होतं. इतके महिने एक तक्रार नव्हती हो!’ निरोप पोचवला, माझं काम झालं.

आई दाराजवळच्या खुर्चीवर होती. मला बघून हलली नाही. म्हणाली, ‘आलीस? हत्ती कुठे बांधलास?’

मी तिथेच, सगळ्यांच्या देखत, तिच्या मांडीत डोकं घालून रडले. ती वरून म्हणत होती, ‘चष्म्याच्या दुकानात काम करतेस आणि स्वतःचा चष्मा कसला घाणेरडा ठेवलायस.’ मग मी किल्ली काढून तिच्या हातात दिली. तिने ती दोन्ही बाजूंनी नीट बघितली, बदलली तर नाही ना म्हणून, आणि मूठ मिटली.

आता मालकांचं काय ते तूच बघ. माझ्याकडे द्यायला किल्ली नाही.

ताई

&nbsp;

२९ जानेवारी

ताई,

मालकांशी बोललो. खोल्या ठेवतोय. पुतण्याला बघून घेऊ दे दुसरीकडे.

व्यवस्थापकबाईंचाही फोन आला. म्हणाल्या, निदान रिकामी जागा दिसेल तिथे तरी एखादं चांगलं वाक्य ठेवा, लोक घाबरतात. मी म्हटलं, घाबरू द्या, मग फोन करतील. त्या म्हणाल्या, फोन घ्यायला माझ्याकडे माणसं नाहीत. त्याला माझ्याकडे टेम्प्लेट नाही.

शनिवारी पोचतो. आईला तिच्या जिन्याने वर नेऊ. तू रविवारी दुकानात काम काढू नकोस.

छोट्या

&nbsp;

६ मार्च

चि. छोट्या आणि चि. ताई,

दोघांना एकच पत्र पाठवते, म्हणजे ‘तुला काय लिहिलं’ हे एकमेकांना विचारायला नको.

घरी आल्याला महिना झाला. पाय ठीक आहे. जिना रोज होतो. स्वयंपाकघराचा नळ गळतो, समोरच्यांनी भिंतीला भलताच रंग दिलाय, आणि छोट्या, जाताना तू डब्यांची झाकणं उलटसुलट लावून गेलास.

टेबलावर मांडून दिलेलं यंत्र चालतं. माझं मीच लिहायचं, हे बरं केलंस. लोकांनी माझ्याबद्दल लिहिण्यात मला काही अर्थ वाटत नाही, त्यांची भाषा गुळमुळीत असते. तू म्हणालास, आत ‘आई’ हेच नाव ठेवलंय आणि मी लिहिलं नाही तर जागा रिकामी दिसेल. दिसू दे. तुम्ही रिकामी जागा बघून घाबरता हे मला आता कळलं आहे. घाबरलात तर यायचं, एवढं सोपं आहे.

एक लक्षात ठेवा. माझ्या पानावर तक्रार दिसली तर मी बरी आहे. ‘प्रसन्न’ दिसलं, तर समजा काहीतरी बिघडलंय.

मास्तरांच्या मुलीला सांगा, ते निवासात परत आले की खिडकी त्यांना हवी तशी ठेवायला माझी हरकत नाही. मी नाही आता तिथे.

आई

&nbsp;

१९ एप्रिल

ताई,

आत्ता आईचं पान उघडलं. काल तिने लिहिलंय, ‘नळ दुरुस्त करणारा आला, नळ सोडून सगळं दुरुस्त करून गेला.’ परवा समोरचा रंग. आणि आज दुपारची नोंद ही: ‘कोणाबद्दल तक्रार नाही. दिवसभर प्रसन्न.’

आधी वाटलं, माझंच कुठेतरी चुकलंय. टेम्प्लेट उघडलं. चौकटीवर ‘आई’, डब्यावर ‘आई’. छोटी फाइल उघडली, तिथेही ‘आई’. वारांची वाक्यं काढलेली आहेत, एक शब्द उरलेला नाही. सगळं पुन्हा तपासलं. चूक असती तर बरं झालं असतं, ताई. चूक नाही. हे तिने स्वतः लिहिलंय.

फोन उचलत नाही. मी निघालोय, स्टेशनवरून लिहितोय, उद्या दुपारपर्यंत पोचतो. तू जवळ आहेस, तू आधी जा. दुकान तसंच उघडं टाकून जा.

छोट्या

&nbsp;

१९ एप्रिल, संध्याकाळ

छोट्या,

तुझं पत्र मी तिच्या जिन्यात वाचलं. पान बघितल्याबरोबर निघाले होते. गिऱ्हाईक खुर्चीवर, डोळ्यांवर तपासणीची फ्रेम चढवलेली, तसंच सोडून आले.

वर दार उघडंच होतं. ती टेबलाशी खुर्ची घेऊन बसली होती, केस विंचरून, ती बरी साडी नेसून, फोन समोर ठेवलेला. मी धापा टाकत होते. तिने घड्याळाकडे बघितलं आणि म्हणाली, ‘चालतंय म्हणायचं पान. तुम्ही हत्ती घालून बघितला होता, मी प्रसन्न घालून बघितलं.’

मला इतका राग आला! मी ओरडले, ‘आई, तो तिकडून निघालाय, नोकरी सोडून! मी गिऱ्हाईक खुर्चीवर टाकून आलेय. आणि तू खोटं लिहून बसलीस?’

ती म्हणाली, ‘लिहिलं तेव्हा खोटं होतं. आता अर्धं खरं झालंय. त्याची गाडी कितीला पोचते?’

मग मी खुर्ची ओढून तिच्याजवळ बसले. किती तरी दिवसांनी तिने माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि केस गळतायत म्हणून बोलली.

तू उद्याच ये, मधे कुठे उतरून परत फिरू नकोस. मी आज इथेच राहते. तुझ्यासाठी पलंगावर नवी चादर घातली आहे आणि ती आतून सांगते आहे, उद्या जेवायच्या वेळेला पोच म्हणावं, नेहमी उशीर करतो आणि अन्न गार होतं. हे मी आत्ता तिच्या पानावर लिहून टाकते.

ताई